ऑडिट कसं पचवावं

समजा, उद्या तुमची देशाच्या विमान-सुरक्षेचे नियामक म्हणून नेमणूक झाली. घाबरू नका. विमानं उडतात कशी हे कळलं नाही तरी चालेल, आंतरराष्ट्रीय ऑडिट कसं पचवायचं तेवढं कळलं पाहिजे. माझी वीस वर्षं सांताक्रूझच्या एका हँगरात गेली आहेत, त्यामुळे पचनाबद्दल चार गोष्टी मी सांगू शकतो.

एक तर ऑडिटर ही फार सभ्य जमात. धाड घालत नाहीत. कोण येणार, कधी येणार, काय बघणार, सगळं आधी कळवतात. माँट्रियलच्या आयकाओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेची, तर प्रश्नावलीच ठरलेली असते. शेकडो प्रश्न आणि सगळे आधीच हातात. आपल्याकडच्या परीक्षेत एवढ्या सोयीसाठी पेपर फुटावा लागतो.

मिळालेल्या वेळात रंगकाम उरकून घ्या. आमच्या हँगरात ऑडिटच्या आधल्या आठवड्यात जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने मारले जात, आणि त्या वासावरूनच नवीन पोरांना कळे की कोणीतरी येतंय. एका वर्षी रंग वाळला, फायली लागल्या, आणि आदल्या संध्याकाळी लक्षात आलं की एका टॉर्क रेंचच्या कॅलिब्रेशनची मुदत टळून तीन महिने झालेत. बोल्ट किती आवळायचा ते सांगणारा हा पाना. तोच चुकीचं सांगायला लागला तर पुढे विचारायलाच नको. साहेबांनी शांतपणे तो कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि चावी देऊन स्टोअरवाल्याला चार दिवस रजेवर चिपळूणला पाठवलं. रजेचा अर्ज साहेबांनीच लिहिला होता. कारण : घरगुती.

तुमचं काम इतकं सोपं नाही. तुम्हाला कपाटात नसलेली माणसं लपवायची असतात. २०१३ साली अमेरिकेची विमान-नियामक संस्था एफएए तपासणीला आली तेव्हा डीजीसीएकडे, म्हणजे तुमच्याच नियामक कार्यालयाकडे, उड्डाणं तपासणारे पूर्णवेळ निरीक्षक पुरेसे नव्हते. काम अडत होतं असं नाही हं, विमान कंपन्यांचेच वैमानिक उसने आणले जात. जावयानं सासरी पाटावर बसून पुरणपोळी खायची आणि हात धुऊन सासऱ्याच्या घराची झडती घ्यायची, अशी ती व्यवस्था. एफएएला ती पटली नाही. ३१ जानेवारी २०१४ रोजी त्यांनी भारताला दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे देखरेख कमी पडणाऱ्या देशांच्या रांगेत, टाकलं. शेजारी घाना, इंडोनेशिया, झिम्बाब्वे.

अशा वेळी आश्चर्य वाटून घ्यायचं. हे नीट जमलं पाहिजे. तेव्हाचे विमान वाहतूक मंत्री अजित सिंह यांनाही निर्णय निराशाजनक आणि आश्चर्यकारक वाटला होता. आता आयकाओने वर्षभर आधी, डिसेंबर २०१२ च्या ऑडिटमध्ये, बोट ठेवलंच होतं. पण आधी सांगितलेल्या गोष्टीचं आश्चर्य वाटू नये असा कुठे नियम आहे?

दुसरी श्रेणी मिळाली म्हणजे विमानं धोक्याची ठरली असं नव्हे. ती श्रेणी तुमची, नियामकाची. शिक्षा मात्र कंपन्यांना होते. आपल्या कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणं सुरू करता येईनात, अमेरिकी कंपन्यांशी कोडशेअर, म्हणजे एकमेकांच्या विमानांची तिकिटं आपल्या नावाने विकणं, थांबलं. आणि बघा, ही शिक्षा समोर दिसायला लागताच वर्षानुवर्षं न सापडणारी पदं सापडली. श्रेणी घसरायच्या अकरा दिवस आधी निरीक्षकांच्या ७५ जागा मंजूर झाल्या, बाजारभावाने पगार द्यायचीही तयारी झाली. ८ एप्रिल २०१५ ला पहिली श्रेणी परत. म्हणजे माणसं नेमायची असतील तर सुरक्षेचं कारण देत बसू नका, फाईल तिथेच कुजेल. अमेरिकेतल्या नेवार्कला जाणाऱ्या विमानाचं नाव घ्या.

गुणांचंही एक तंत्र आहे. आयकाओच्या त्यानंतरच्या एका ऑडिटमध्ये भारताचे गुण ६५.८२ टक्क्यांवरून ५७.४४ वर आले. अशा वेळी टक्केवारी ही किती फसवी गोष्ट आहे, यावर बोलावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते ८५.६५ झाले आणि जगात १०२ वरून ४८ व्या नंबरावर आलो असं डीजीसीएने जाहीर केलं. अशा वेळी टक्केवारीवर शंका घेणाऱ्याला देशाचं यश बघवत नाही असं म्हणावं. पार्ल्याच्या आईबापांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पोराला कमी पडले की बोर्डाने पेपर कडक तपासले, जास्त पडले की पेढे. मग २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने मोजलं, तर डीजीसीएतली मंजूर पदं जवळपास निम्मी रिकामी. पंच्याऐंशी टक्के निम्म्या माणसांत मिळत असतील तर उरलेली निम्मी भरून कशाला खर्च वाढवायचा? इतक्या काटकसरीने संसार आमच्या आज्जीलाही जमला नाही.

आता थोडं अवघड. आयकाओ देशाची देखरेख आठ घटकांवर जोखते. पहिले पाच गोंडस : कायदा, नियम, यंत्रणा, प्रशिक्षित माणसं, मार्गदर्शक पुस्तिका. त्यातली माणसं सोडली तर बाकी बरंचसं छापून घेता येतं. सहावा परवाने आणि मान्यतांचा, तिथे शिक्के लागतात. सातवा नियमित पाहणीचा, तिथे सह्या. आणि आठवा? सापडलेले दोष खरोखर निस्तरणं. कंसाला देवकीच्या आठव्याची होती, तेवढीच धास्ती तुम्ही या आठव्याची बाळगा. तो जन्मला की तुमचं काही खरं नाही. कारण सातव्यापर्यंत सगळं कागदावर चालतं, आठव्याला कोणालातरी हँगरात जाऊन पान्याचं कपाट उघडावं लागतं.

त्यावर उपाय म्हणजे सुधारणा आराखडा. दोष अमुक, उपाय तमुक, जबाबदार अधिकारी (बदली झालेला), मुदत (पुढची). अहवालात ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे वाक्य जिथे जागा मिळेल तिथे घाला. घाटकोपरला गच्चीत उभं राहिलं की २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची चाकं स्वच्छ दिसतात. तिथून प्रक्रिया दिसत नाही, त्यामुळे तक्रारही येत नाही.

आमचं ऑडिट त्या वर्षी एकही शेरा न येता पार पडलं. ऑडिटर रात्रीच्या विमानाने गेले, साहेबांनी सगळ्यांना बटाटेवडे मागवले. दोन दिवसांनी स्टोअरवाला चिपळूणहून फणसाचे गरे घेऊन परत आला, त्याने कपाट उघडलं आणि पाना पुन्हा बोर्डावर, त्याच्या आखलेल्या जागी लावला. दुपारच्या पाळीत कोणीतरी तो घेऊन गेलं.