घरबसल्या इंजिनिअर व्हायचंय? बसा!

आमच्या घराण्यात आधी पैसे भरायचे आणि मग 'जरा बघून घे' म्हणायचं, अशी जुनी रीत आहे. त्या रीतीला धरून गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. भाच्याने बी.टेक.ला ॲडमिशन घेतलीय, दूरस्थ, नोकरी सांभाळून. कॉलेज चांगलं आहे ना, तेवढं बघ. भाचा डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला सीएनसी मशीनवर, तिन्ही शिफ्ट. मी भोसरीत टूलरूममध्ये आयुष्य घासलेला माणूस, म्हणजे नात्यातला शिक्षणतज्ज्ञ. चार चकरा मारल्या. त्यातून जे ज्ञान मिळालं ते तुमच्या पदरात टाकतो. फी नाही.

सगळ्यात आधी वेबसाइटवरची इमारत बघा. काच किती आहे, समोर कारंजं आहे का, हिरवळीवर मुलं लॅपटॉप घेऊन हसतायत का. इमारत कुठल्या राज्यात आहे, हे विचारू नये. बरं दिसत नाही. तुमचा संबंध येणार तो झेरॉक्सच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्याशी. एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जार आणि मॅडम. नाक मुरडू नका. छत्तीसगडमध्ये २००२च्या कायद्याचा आधार घेऊन अशी काही खासगी विद्यापीठं उगवली होती की, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात शंभरावर विद्यापीठं गारद झाली. त्यातल्या कित्येकांना स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. तुमच्याकडे निदान जार आहे.

फोन मोजा. चांगलं कॉलेज दिवसातून पाच वेळा तरी फोन करतंच. "सर, आज लास्ट डेट आहे, दोनच सीट राहिल्यात." ती लास्ट डेट महिनाभर चालते.

नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था, तिची श्रेणी आवर्जून विचारा. ती कुणाला मिळालीय, ते मात्र विचारू नका.

आता मंजुरी. मॅडमच्या मागे भिंतीवर यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं पत्र फ्रेम करून लावलेलं असतं, फ्रेमला हारसुद्धा. पत्र खरं असतं बरं का! विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणाची परवानगी खरोखर मिळालेली असते, बी.ए.ची, बी.कॉम.ची, एम.बी.ए.ची. त्या पत्राखाली बसून बी.टेक. विकायचं, एवढीच काय ती कला. मी चष्मा लावून पत्र वाचायला लागलो, तर मॅडमनी मोबाईलवर दुसरी नोटीस काढून दाखवली. २०२२ची. दूरस्थ पदवी रेग्युलरच्या बरोबरीची मानावी म्हणून. तीही खरी. फक्त ती मान्य असलेल्या अभ्यासक्रमांपुरती आहे, आणि यूजीसीच्या २०२०च्या नियमांत दूरस्थ पद्धतीने ज्यांना मनाई आहे त्या यादीत इंजिनिअरिंगचं नाव आहे. वैद्यकीय, नर्सिंग, आर्किटेक्चर, फिजिओथेरपी यांच्या पंगतीत. घरबसल्या डॉक्टर होता येत नाही हे आपल्याला कळतं. घरबसल्या इंजिनिअर व्हायला आपली हरकत नसते.

हे मॅडमना सांगितलं. "सर, तुम्ही खूप निगेटिव्ह आहात."

प्रॅक्टिकलबद्दल विचारायचं की नाही, हा नाजूक प्रश्न आहे. मी विचारलं. लॅब कुठेय? "व्हर्च्युअल आहे सर." म्हणजे? म्हणजे व्हिडिओ. लेथचा व्हिडिओ. आमचा भाचा आठ तास मशीनसमोर उभा राहून, कूलंटने हात सोलून खोलीवर येणार आणि मोबाईलवर लेथ कसा फिरतो ते बघणार! आणि जर्नल? "रेडी मिळेल, त्याचे वेगळे तीन हजार." व्हायवा? "तो होऊन जातो सर." कोण घेतं? "होऊन जातो." आम्ही पॉलिटेक्निकला होतो तेव्हा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये माइल्ड स्टीलचा रॉड मशीनमध्ये लावून ताणायचे. काटा चढत जायचा, मग रॉडची मधेच कंबर बारीक व्हायची आणि धाडकन आवाज. सर तुटलेला तुकडा हातात द्यायचे, टोक गरम लागायचं. एकीकडे वाटी, दुसरीकडे सुळका. लोखंड तुटायच्या आधी सांगतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि तेहतीस वर्षं टूलरूममध्ये पुरलं. कास्ट आयर्न सांगत नाही, तेही तिथेच कळलं. हे तीन हजारांच्या जर्नलमध्ये कुठल्या पानावर आहे, दाखवा मला! आणि उद्या हाच पोरगा डिग्रीच्या जोरावर कुठल्या तरी प्रेशर टाकीच्या वेल्डिंगवर सही करणार, आणि त्या टाकीशेजारी शिफ्टला उभा असणार दुसऱ्या कुणाच्या तरी ताईचा मुलगा. जाऊ द्या. उपरोधिक लिहायचं ठरलं होतं.

घाई असेल तर 'वन सिटिंग'ची चौकशी करा. चार वर्षांची पदवी एका बैठकीत, सन मागचं.

सगळ्यात महत्त्वाची कसोटी, निकाल. आपल्याकडे दर्जा म्हणजे शंभर टक्के निकाल, तो इथे आहे. मी उलट विचारलं, नापास किती होतात? मॅडमचा चेहरा असा झाला की जणू हॉटेलात शिरून विचारलं, तुमच्याकडे विषबाधा किती जणांना होते. आमचे जुने साहेब ए.एम.आय.ई. होते. कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा. नोकरी करून, कंदील नव्हे पण चाळीस वॅटच्या बल्बखाली, एकेक पेपर आपटत, उठत, सात वर्षं. माणूस तिथे नापास होऊ शकायचा. ३१ मे २०१३पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच आता तिची पदवीच्या बरोबरीची मान्यता आहे, तो रस्ता संपला. आणि अंतरावरून शिकणं वाईट, असंही कुणी म्हणत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून आमच्या स्टोअरमधल्या दोघांनी पदवी घेतली, इमानदारीत. आयआयटी मद्रासने २०२०मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा आहे, आणि पेपर केंद्रावर जाऊन द्यावे लागतात. तिचं नाव बी.एस. आहे, बी.टेक. नाही. ते त्यांनी लपवलेलंही नाही.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, शिकायचं कोणाला आहे? प्रमोशनला डिग्री लागते. कागद हवाय."

तिथे माझी गंमत संपली.

कागद हवाय ना? मग ऐका. ओडिशातल्या सरकारी लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनचा वाद असाच बढतीवरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ३ नोव्हेंबर २०१७ला न्या. गोयल आणि आपले न्या. लळीत यांनी निकाल दिला. चार अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने वाटलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या. २००१ ते २००५च्या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची परीक्षा द्यायची, दोन संधी. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द, फी परत. मागाहून दिलेली मंजुरीही बेकायदा. त्यातली माणसं तोवर दहा-बारा वर्षं त्या कागदावर नोकरी करत होती, बढत्या घेतल्या होत्या, घराचे हप्ते चालू होते. कोर्टाने कागद काढून घेतला तेव्हा हातात काय उरलं असेल? शिकलेलं उरतं. ते असेल तर.

तुमची चूक कळतेय का? हापूसची पेटी घेताना खालचा थर उलटून बघता. देठाचा वास घेता. आणि लाखभर रुपये भरताना यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या वेबसाइटवर कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या अभ्यासक्रमाला, कुठल्या सत्राला परवानगी आहे, हे बघायला पाच मिनिटं नाहीत? यादी मराठीत नाही म्हणू नका, हप्त्याचा फॉर्मही मराठीत नव्हता, त्यावर ओटीपी दिलाच ना! भाच्याला वाटलं कॉलेजची फी हप्त्याने भरतोय. ते फायनान्स कंपनीचं कर्ज आहे. कॉलेजला पैसे एकरकमी पोचले, आता हा भांडायला कुणाशी जाणार? शिकायचंच असेल तर एआयसीटीईने नोकरदारांसाठी रेग्युलर कॉलेजांत सोयीच्या वेळेचं बी.टेक. मान्य केलंय. वर्गात जाऊन बसावं लागतं, झोप जाते, केटी लागते. ते नको असतं. नको असतं म्हणूनच ते झेरॉक्सवरचं दुकान चालतं. मॅडमना पंधरा हजार पगार आहे, त्यांच्यावर काय ओरडायचं!

भाच्याचा हप्ता पाच तारखेला कापला जातो. अजून सोळा राहिलेत. ताईला मी सांगितलं, ती म्हणते, "तू आधी का नाही बोललास?"

ती यादी आज बघा. आणि पैसे भरून झाल्यावर मला फोन करू नका.