बाकावर बसवणे म्हणजे शिकवणे नव्हे

अमेरिकन फुटबॉलमध्ये दर एप्रिलला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला की तोच वाद पुन्हा सुरू होतो: महाविद्यालयातून आलेल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणात पास टाकणाऱ्या खेळाडूला, पहिल्याच हंगामात मैदानात उतरवावे, की वर्षभर बाकावर बसवून शिकू द्यावे? बाकाचे समर्थक लगेच पॅट्रिक महोम्सचे नाव पुढे करतात. 2017 मध्ये कॅन्सस सिटीने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, ॲलेक्स स्मिथच्या मागे जवळजवळ पूर्ण हंगाम बसवले आणि पुढच्याच वर्षी 50 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकून तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण पेटन मॅनिंग 1998 मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळला, त्याचे 28 पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, संघ 13 सामने हरला, आणि तरीही त्याचे काही बिघडले नाही.

मला बाकाचे हे कौतुक अनाठायी वाटते. हंगाम सुरू झाल्यावर सरावातले बहुतेक डाव मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. राखीव क्वार्टरबॅक आपल्याच बचावफळीची तयारी व्हावी म्हणून पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव कार्डावर बघून खेळून दाखवत असतो. बैठकीत चित्रफिती पाहून नजर तयार होत असेल, पण अंगावर चाल करून येणाऱ्या खेळाडूंसमोर पाय स्थिर ठेवणे खोलीत बसून शिकता येत नाही.

खरा फरक पडतो तो भोवतालच्या माणसांनी. 2018 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सने सॅम डार्नोल्डला तिसऱ्या आणि बफेलोने जॉश ॲलनला सातव्या क्रमांकावर घेतले, आणि दोघेही पहिल्याच वर्षी खेळले. ॲलनचे त्या वर्षी जेमतेम 52.8 टक्के पास रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या सहकाऱ्याच्या, हाती पडले. बफेलोने मात्र मुख्य प्रशिक्षक बदलला नाही, आक्रमणाची आखणी करणारा बदलला नाही आणि 2020 मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणून दिला. त्या वर्षी हेच प्रमाण 69.2 टक्क्यांवर गेले. डार्नोल्डला मात्र दुसऱ्याच वर्षी नवा मुख्य प्रशिक्षक मिळाला आणि सगळी आखणी पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली.

ऑक्टोबर 2019 मध्ये न्यू इंग्लंडने जेट्सना 33-0 असे हरवले. त्या रात्री बाजूला बसलेला डार्नोल्ड आपल्याला भुते दिसत असल्याचे म्हणाला आणि त्याच्या अंगावरच्या मायक्रोफोनमुळे ते देशभर ऐकू गेले. लोकांनी त्याची यथेच्छ थट्टा केली, पण मला ते त्या मुलाचे अत्यंत प्रामाणिक निदान वाटते. वारंवार आपटला गेलेला क्वार्टरबॅक रिसीव्हरकडे बघायचे सोडून समोरून चाल करून येणाऱ्या खेळाडूंच्या रांगेकडे बघू लागतो, कोणी जवळ आलेले नसतानाही त्याचे पाय चुळबुळ करतात आणि चेंडू हातातून भलत्या वेळी सुटतो. डार्नोल्डचे त्या रात्री चार पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. हाच खेळाडू 2024 मध्ये मिनेसोटात, स्वतः क्वार्टरबॅक राहिलेल्या केव्हिन ओकॉनेलच्या हाताखाली आणि जस्टिन जेफरसनसारख्या रिसीव्हरसोबत, 35 टचडाउन पास टाकतो आणि संघ 17 पैकी 14 सामने जिंकतो, तेव्हा आधीचे खापर एकट्या त्याच्या डोक्यावर फोडणाऱ्यांनी थोडे तरी ओशाळायला हवे होते.

जेट्सनी 2021 मध्ये डार्नोल्डला कॅरोलायनाकडे पाठवले, ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सनला घेतले आणि पहिल्याच सामन्यात उतरवले. त्या सामन्यात विल्सन सहा वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच आपटला गेला. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक डार्नोल्डच होता.