ओ कुणी द्यायची?

बुधवारी गंगेवरच्या बाजारात मेथीची जुडी निरखत होते, तेवढ्यात मागून खणखणीत आवाजात माझं नाव आलं. नुसतं माझं नव्हे, नवऱ्याचं आणि आडनावासकट, रेशनकार्डावर आहे तस्सं. मला वाटलं, घरपट्टीची वसुली थेट घाटावर आली. वळून बघते तर चिरंजीव, हातात कोथिंबीर.

"अरे, आई म्हणता येत नाही का?"

"म्हटलं ना दोनदा! सगळा बाजार वळला, तू सोडून."

मुद्दा बिनतोड होता. पण तेव्हापासून ती भाजीवालीही मला पूर्ण नावानंच हाक मारते.

ही उतरण एका दिवसातली नाही. नऊ महिन्यांचा असताना तो पहिल्यांदा "मंमं" म्हणाला, तेव्हा मी आनंदानं सगळ्या नातेवाइकांना फोन केले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, भात मागतोय तो." ओठ मिटून उघडले की 'म' आपोआप होतो, आणि आपल्याकडे मंमं म्हणजे जेवण. खात्री करायला मी वाटी पुढे केली. तो वाटीकडे माझ्यापेक्षा जास्त मायेनं बघून "मंमं" म्हणाला.

मग मी 'आई' शिकवायला बसले. एका 'आई'ला एक मनुका असा दर ठेवला. नाशिकमध्ये मनुकांना काय तोटा! शब्द पक्का झाला, पण बालवाडीतून पोरं सर्दी आणतात तशी त्यानं आठवड्याभरात 'मम्मी' आणली. पाचवीत 'मम्मा'. आठवीत 'मॉम', तेही मित्रांसमोरच. अकरावीचा क्लास लागल्यापासून 'यार'. "यार, डबा कुठंय?" परवा तर 'भाई' म्हणाला. नऊ महिने पोटात सांभाळून मी शेवटी त्याची भाई झाले.

त्याच्या फोनमध्ये मी 'आई नवीन' आहे. नंबर बदलून सहा वर्षं झाली. जुनीचं काय झालं, हे विचारायचं धाडस होत नाही.

त्या रात्री मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "अरे, 'श्यामची आई' याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं साने गुरुजींनी, १९३३ साली. या गावात तरी आईला आई म्हण!"

"तुरुंगात कुणालाही आई आठवेल," तो म्हणाला. "आणि नदीचं नाव गोदावरी, अख्खं नाशिक तिला गंगा म्हणतं. तिनं कधी तक्रार केली? बरं, तू तरी आजीला काय म्हणतेस?"

इथे मी गप्प. कारण मी माझ्या आईला 'वहिनी' म्हणते. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात ती थोरली सून. धाकटे चार दीर दिवसभर "वहिनी, चहा", "वहिनी, टॉवेल" करायचे, त्यात आम्हीही सामील झालो. वडील 'दादा'. म्हणजे नात्यानं बघितलं तर मी भाऊ-भावजयीच्या पोटी जन्मले. लग्न ठरताना होणाऱ्या नवऱ्याला हे समजावायला एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

मन खायला लागलं. दुसऱ्या दिवशी तिला फोन लावला. "वहिनी, खरं सांग. आम्ही तुला कधी आई म्हटलं नाही, वाईट वाटलं का गं तुला?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक करून ती परत आली.

"वाईट कसलं? वाड्यात आई म्हणजे माझ्या सासूबाई. तू तेव्हा आई म्हणून हाक मारली असतीस ना, तर मी ओ दिली नसती. पदर सावरून उभी राहिले असते!"