तुका म्हणान

आज संध्याकाळी माझी गेल्या वर्षीची एक विद्यार्थिनी खळ्यात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता तिने वही पुढे केली. एका वाक्याखाली लाल शाईची जाड रेघ आणि समासात शेरा: 'बोलीभाषा टाळावी.' तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही, म्हणून लिहिते आहे.

रेघ ज्या वाक्याखाली आहे ते तिचे नव्हेच, ते तिच्या आजीचे आहे. आजी मालवणच्या बाजारात मासे विकते. ऐकलेल्या संभाषणावर लिहायचे होते, म्हणून मुलीने बांगड्यांच्या वाट्याचा सौदा अवतरणचिन्हांत जसाच्या तसा उतरवला: "घे गे बाय, तुका म्हणान दोनशेक देतंय." पुढे तिने स्वच्छ प्रमाण मराठीत लिहिले की आजी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणते, त्यामुळे 'तुका', म्हणजे 'तुला', एकवचनी असले तरी सगळ्या बाजारासाठी असते, आणि 'तुका म्हणान' आधी आल्यामुळे आकडा कानावर पडेपर्यंत गिऱ्हाईक उपकाराखाली आलेले असते. एवढे बारीक ऐकणाऱ्या मुलीच्या वहीत तपासणाऱ्याला दिसली ती फक्त बोली! पुरावा खोडा आणि निष्कर्ष तेवढा ठेवा, असे आपण दुसऱ्या कोणत्या विषयात सांगतो?

कवितेचेही आपण हेच करतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे रसग्रहणाचे तीन खण आखून द्यायचे आणि मुलांनी त्यांत 'हुबेहूब निसर्गचित्रण' भरायचे, मग कविता कोणाचीही असो. हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या तर साचा लागतो, हे मान्य. पण तो वर्षभर वर्गात कशाला हवा?

गेल्या वर्षी मी बालकवींची 'औदुंबर' वर्गात वाचली होती. आठच ओळी. रंग मोजा, एवढेच सांगितले होते. हिरवा, निळासावळा, पांढरा असे मोजता मोजता हीच मुलगी अडली, "बाई, काळिमा गोड कसा?" मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणले की सहाव्या ओळीतला डोह नुसता काळा आहे, सातव्या ओळीत काळिमा गोड होतो, आणि तो कोणामुळे हे कवी आठव्या ओळीच्या शेवटच्या शब्दापर्यंत सांगत नाही. आज ती वही हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आले, आजीने आकडा मागे ठेवला तसेच कवीने झाड मागे ठेवले आहे. हे तिला कोणत्या गाईडने शिकवले असते?

शेरा लिहिणाऱ्यांवर आता तेवढा राग नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही असा एखादा लिहिला असेन. पण मुलीने विचारले, "बाई, 'तुझ्यासाठी म्हणून दोनशेला देते' असं करू?" मी म्हटले, आधी मोठ्याने वाच. तिने वाचले आणि हसू लागली.

"बाई, ह्या ऐकान कोण घेतलो बांगडे?"