अनोन आर्टिस्ट, ट्रॅक झीरो वन

सीडीवर गाण्याचं नाव नसतं. कागदावर असतं, कव्हरवर असतं, पण तबकडीच्या आत नसतं. १९८२ साली ही वस्तू बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, तासाभराहून जास्त संगीत, सगळं कसं चोख. आणि एवढा उपद्व्याप करणाऱ्या शहाण्यांपैकी एकालाही वाटलं नाही की बाबा रे, हे कोण गातंय तेही कोपऱ्यात लिहून ठेवू. किती ट्रॅक आहेत आणि कुठला कुठून सुरू होतो, बस, एवढीच नोंद. पुढे १९९६ मध्ये सीडी-टेक्स्ट नावाची सोय आली खरी, पण आपल्याकडच्या कंपन्यांनी ती मनावर घेतल्याचं माझ्या कपाटावरून तरी दिसत नाही. डिस्क टाकली की पडद्यावर काय उमटतं? अनोन आर्टिस्ट. ट्रॅक झीरो वन. किशोरीताई आमोणकर, अनोन आर्टिस्ट! पुण्यात! डोकं फिरेल नाहीतर काय होईल?

मूळ बेत अगदी साधा होता. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोन कपाटं सीडींनी अडवलेली. त्या सगळ्या एकदाच फ्लॅक नावाच्या प्रकारच्या फाइलींमध्ये उतरवायच्या, एका छोट्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या आणि वायफायवरून घरभर ऐकायच्या. फ्लॅकमध्ये आवाज तसूभरही बिघडत नाही आणि एक सीडी साधारण तीनशे-साडेतीनशे एमबीत मावते. हजार सीडी म्हटल्या तरी चारशे जीबीच्या आत. एवढी जागा आता कुठल्याही जुन्या हार्ड डिस्कवर निघते. जागा, पैसा, वीज, कशाचाच प्रश्न नाही. प्रश्न फक्त माझ्या उरलेल्या आयुष्याचा.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो आता, हे ठाऊकच होतं. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे वर बघून, "काकू, सीडी आता कोण ऐकतं?" अरे, मी ऐकते! म्हणून तर आलेय ना दुकानात? वर म्हणतो, "पेनड्राइव्ह घ्या ना, पाच हजार गाणी भरून देतो." शेवटी यूएसबीवर चालणारा तो चपटा ड्राइव्ह गळ्यात मारला. नवी कोरी डिस्क बरी वाचतो, पण जरा ओरखडा दिसला की धापा टाकायला लागतो आणि मध्येच यूएसबीवरून गायब. मग जुन्या डेस्कटॉपमधला जाडजूड ड्राइव्ह काढला. तर त्याला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर हवा, यूएसबीच्या पाच व्होल्टवर तो ढिम्म हलत नाही. तो अडॅप्टर गल्लीत मिळाला, पण ‘काकू’ पुन्हा ऐकून घ्यावं लागलं.

डिस्क वाचण्याचा भाग तरी सरळ असेल? छे. डेटाच्या सीडीवर चुका दुरुस्त करणारा एक जादा थर असतो, ऑडिओ सीडीवर तो नसतो. साधा प्लेअर चुकलेल्या जागी आजूबाजूचा आवाज बघून अंदाजपंचे भरून टाकतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पण हुबेहूब प्रत हवी असेल तर सॉफ्टवेअर ती जागा पुन्हा पुन्हा वाचतं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचा ट्रॅक कडेला, आणि बोटं लागतात ती कडेलाच. म्हणून होतं काय, की पाऊण तासाचा विलंबित-द्रुत राग झर्रकन उतरतो आणि शेवटची पाच मिनिटांची भैरवी ड्राइव्हच्या घशात अडकते. घर्र... टक. घर्र... टक. स्वयंपाकघरातून आवाज, "अगं, ते काहीतरी जळतंय का बघ." जळतंय, हो. मी जळतेय.

काही डिस्क दिव्यासमोर धरल्या तर टाचणीने भोसकल्यासारखी बारीक भोकं दिसतात. तो चंदेरी थर म्हणजे ॲल्युमिनियमचा पापुद्रा, आणि तो खालच्या चकचकीत बाजूला नसतो, वर छापील बाजूला वार्निशासारख्या पातळ थराखाली असतो. आपण जन्मभर खालची बाजू जपली आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने ‘परत कर!!’ असं लिहून मंडळींना वाटत बसलो. आणि ज्या घरी बर्न केलेल्या डिस्क आहेत ना, कोणाच्या तरी घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग, वर मार्करने ‘मारवा? ८४ किंवा ८५’, त्यांची तर रयाच गेली आहे. त्यांच्यात गाणं शाईसारख्या रंगद्रव्यात असतं आणि ते उन्हाने, उकाड्याने उडतं. त्या बैठकीची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

तुमची प्रत बरोबर उतरली की नाही हे पडताळायचीही एक झकास पद्धत आहे. ॲक्युरेटरिप. जगभरच्या लोकांनी तीच डिस्क उतरवून मिळालेला पडताळणीचा आकडा तुमच्या आकड्याशी ताडून बघायचा. इंग्रजी रॉकची सीडी टाका, लगेच उत्तर, अमुक इतक्या जणांशी जुळली. नाट्यसंगीताची टाका: डिस्क डेटाबेसमध्ये नाही. अभंगांची टाका: नाही. रामभाऊ मराठे: नाही. मग करा एकच डिस्क दोनदा, आणि आपणच आपल्याशी ताडून बघा. आणि नेमकी दुसऱ्या फेरीत, गुरुवार असल्यामुळे, लाइट जाणार.

पण हे सगळं परवडलं. खरं दुखणं नावांचं.

सीडीत नावं नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर ट्रॅकच्या लांबीवरून एक ओळखक्रमांक काढतं आणि इंटरनेटवरच्या सूचीला विचारतं, हिला ओळखता का? आता दहा-बारा गाण्यांच्या डिस्कला हे ठीक. आपल्या ख्यालाच्या डिस्कवर ट्रॅक असतात दोन! नुसत्या उंचीवरून माणूस ओळखायला सांगितल्यासारखं ते. माझ्या एका शुद्ध सारंगाला त्या सूचीने कुठल्याशा जर्मन प्रवचनाचं नाव दिलं. फ्रीडीबी नावाची लोकांनी फुकट भरलेली सूची होती, ती २०२० मध्ये बंद पडली, पण तिचा माल अजून इकडेतिकडे फिरतो. तिच्यात संगीताचे कप्पे अकरा. ब्लूज, कंट्री, रेगे, रॉक, न्यू एज वगैरे. हिंदुस्थानी संगीत कुठे टाकायचं? ज्याने त्याने मनाला येईल तिथे टाकलंय. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर माझ्या पडद्यावर ‘न्यू एज’ म्हणून आले. मी पाणी प्यायले आणि पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभी राहिले.

एमपीथ्रीवाल्यांनी तर त्याहून कमाल केलेली. त्यांच्या पहिल्यावहिल्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीत, संगीतप्रकारांची ऐंशी नावांची ठरलेली यादी होती. तिच्यात पोल्का आहे. डेथ मेटल आहे. ‘प्रँक्स’सुद्धा आहे. ख्याल, ठुमरी, ध्रुपद, लावणी, काही नाही. आपल्यासाठी ‘एथ्निक’, घ्या. शीर्षकाला अक्षरं तीस. रोमन लिपीत ‘राग अहिरभैरव, विलंबित एकताल’ लिहायला जा, तालाचा तुकडाच पडतो.

फ्लॅकमध्ये हा जाच नाही, हे कबूल. हवी ती रकानानावं घाला, राग, ताल, घराणं, देवनागरीत लिहा, फाइल मुकाट्याने सगळं साठवते. पण दाखवणार कोण? फोनवरच्या ॲपला फक्त तीन गोष्टी कळतात: आर्टिस्ट, अल्बम, साँग. मी हौसेने शंभरेक डिस्कना राग आणि ताल भरले, ते ॲप त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. भावगीत तर मराठी माणूस कवी आणि संगीतकार यांच्या नावाने ओळखतो. गदिमा लिहिणार, बाबूजी चाल लावणार. ते दोघे फाइलमध्ये बसलेत, पडद्यावर नाहीत. आणि देवनागरीत भरलं की गाडीतल्या स्टिरिओवर चौकोन उमटतात, रोमनमध्ये भरलं की मराठीत शोधून सापडत नाही. दोन्हीकडून मार.

आता भीमसेनजी. इंग्रजीत एक ‘आय’वाले भीमसेन, दोन ‘ई’वाले भीमसेन, ‘पीटी’ टिंब देऊन, ‘पीटी’ टिंबाशिवाय, ‘पंडित’ सबंध लिहून, आणि २००८ नंतरच्या काही कव्हरांवर ‘भारतरत्न’ लावून. कंपनी एकच, वर्षं पुढेमागे, स्पेलिंग दरवेळी नवं. घरभर गाणी पुरवणाऱ्या सर्व्हरच्या लेखी ही सहा वेगळी माणसं. म्हणजे सध्या माझ्या घरी सहा भीमसेन जोशी मुक्कामाला आहेत, आणि प्रत्येकाच्या नावावर दोन-चार अल्बम. शिवाय क्रमवारी! एकजात सगळे पंडित ‘पी’खाली, सगळे उस्ताद ‘यू’खाली, सगळ्या विदुषी ‘व्ही’खाली. या सॉफ्टवेअरना इंग्रजी ‘द’ वगळून क्रम लावायचं बरोबर कळतं. स्पॅनिश-फ्रेंचचे ‘एल’, ‘ला’, ‘ले’सुद्धा कळतात. ‘पं.’ कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन हाताने घालता येतं, घातलं, तर टिंबवाले पंडित जागेवर गेले आणि बिनटिंबाचे तिथेच राहिले.

नाट्यसंगीताच्या संग्रहाची तर दशा विचारू नका. एका डिस्कवर बारा पदं, गायक दहा, म्हणून त्या एका अल्बमचे झाले दहा अल्बम. प्रत्येकात एखाद-दुसरं पद, दहाही कव्हरं सारखी. ‘अल्बम आर्टिस्ट’ नावाचा आणखी एक रकाना भरला की ते एकत्र येतात. भरला. मग ते ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ या नावाखाली गेले, जिथे गणपतीच्या आरत्या, गझला आणि कोणीतरी लग्नात वाटलेली शहनाईची सीडी आधीच नांदत होती.

आणि एवढा कुटाणा चालू असताना घरचे आणि शेजारचे काय म्हणतात? "मावशी, सगळं स्ट्रीमिंगवर आहे की!" अरे, सगळं म्हणजे काय सगळं? सवाईच्या मंडपाबाहेर, तो महोत्सव रमणबागेच्या मैदानावर व्हायचा तेव्हा, स्टॉलवर उभं राहून घेतलेल्या या डिस्क आहेत. यातल्या कित्येक शोधून बघ. राग मिळेल, गायक मिळेल, ती मैफल मिळणार नाही. किंवा मिळेल आणि पुढच्या महिन्यात करार संपला म्हणून करड्या अक्षरांत नुसतं नाव उरेल. २०२४ या एकाच वर्षात आपल्याकडची गाण्यांची दोन मोठी ॲप्स बंद झाली, आठवतंय का? लोकांनी जमवलेल्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या. माझ्या कपाटाला कोणी टाळं लावू शकत नाही. आणि जे मिळतं तेही कसं? विलंबितातून द्रुतमध्ये जाताना, ऐन समेच्या आधी, अर्ध्या सेकंदाची उचकी आणि वर जाहिरात. सकाळच्या ललतनंतर कुठल्यातरी ‘रिलॅक्सिंग बासुरी’ची सूचना. यूट्यूबवरच्या त्या प्रतीखाली राग चुकीचा लिहिलेला, त्याखाली दोन पुणेकर तीन वर्षं भांडतायत, आणि दोघेही चूक.

कंपन्यांचा राग येतो तो वेगळाच. गायकाचं नाव, साथीदार, राग, रेकॉर्डिंगचं साल, हे त्यांच्याकडे तेव्हाही होतं, आताही असणार. पुस्तिकेत त्यांनी ते छापलं ते भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा अक्षरांत, मरून रंगावर काळ्या शाईने. तबल्यावर कोण होतं ते वाचायला मी मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करते. त्यातही अर्ध्या डिस्कवर साथीदारांची नावंच नाहीत. तासभर हार्मोनियम वाजवणाऱ्या माणसाला एका ओळीची जागा दिली नाही, आणि मागच्या कव्हरवर कंपनीच्या इतर कॅसेटींची जाहिरात मात्र पानभर.

म्हणून आता एकच मागणं, आणि ते पुण्यातल्या त्या सगळ्या मंडळींना ज्यांच्याकडे याच सीडी आहेत आणि ज्यांनी हे काम गुपचूप आधीच करून ठेवलंय. आहात तुम्ही, मला माहीत आहे, सदाशिव पेठेत दर दुसऱ्या घरात आहात. ती नावं स्वतःच्या हार्ड डिस्कवर दाबून ठेवू नका. म्युझिकब्रेन्झ ही इंटरनेटवरची सूची सगळ्यांना खुली आहे, कोणीही भरू शकतं, तिथे टाका. साथीदारांसकट टाका. आणि टाकण्याआधी ‘पं.’ला टिंब द्यायचं की नाही ते आपापसांत एकदा भांडून ठरवा, कारण मी आता सातवा भीमसेन जोशी घरात घेणार नाही.