कोंबडीच्या कलानं

वर्षभर दाणे टाकणाऱ्या हातात खराटा दिसला, की कोंबड्या ओळख दाखवायचं बंद करतात. आमच्या वाळवा-कराडकडच्या गावरान कोंबड्या तर भारीच मानी. एकीनं ‘पकाक्’ केलं, की विषय काय ते न विचारता बाकीच्या अनुमोदन देऊन मोकळ्या.

त्यामुळं खुराडं साफ करायचं असलं तरी सकाळी तिकडं फिरकू नये. बहुतेक अंडी दहा-अकरापर्यंत पडतात. बसलेलीला उठवलं तर ती रुसून कडब्याच्या गंजीत अंडं घालते आणि ते मुंगसाला सापडतं, आपल्याला नाही. अंडी गोळा झाली की दार उघडून लांब परड्यात मूठभर मका टाकायचा. सगळ्या आपल्या पायांनी बाहेर. पाठलाग अजिबात नको. घाबरल्या की त्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालची गुदमरून मरते. राहता राहिली खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणारी कोंबडी. ती अंड्यांवर बसली असेल तर तेवढा कोपरा सोडून द्यावा. तिथं स्वच्छता मोहीम स्थगित.

आता शीट. तोंडाला फडकं बांधून, धूळ उडू नये इतपतच पाणी शिंपडून खुरप्यानं खरवडायची. बादलीभर पाणी ओतणाऱ्यांना पुढचा तास चिखलात आणि अमोनियाच्या वासात काढावा लागतो. शीट तशीच ठेवून वर ब्लीचिंग पावडर टाकणारे शहाणेही भेटतात. त्यातून विषारी वायू निघतो. आधी खरवडणं, मग धुणं, औषध त्यानंतर.

खरी मेख बसायच्या दांडीत असते. दांडी भिंतीत टेकते त्या खाचेत पांढरं फडकं फिरवून बघा. लाल ठिपके उमटले तर मोहरीहून बारीक किडे तिथं मुक्कामाला आहेत. दिवसा फटीत झोपतात, रात्री कोंबडीचं रक्त पितात. फटीत उकळतं पाणी ओतायचं, वाळलं की चुन्याचा हात मारायचा. कोंबड्या अंडी का देत नाहीत म्हणून खाद्य बदलत बसणाऱ्यांनी आधी ही खाच बघावी.

हे सगळं चारच्या आत वाळलं पाहिजे. ओल राहिली की रक्ती हगवण आलीच म्हणून समजा. मग दोन-तीन इंच भाताचं तूस पसरायचं. पाटणकडं भाताच्या गिरणीवर मिळतं. पुढं अधूनमधून मुठीत दाबून बघायचं : गोळा झाला तर ओल फार, सुटलं तर ठीक. वर थोडं जुनं कोरडं तूसही टाकावं, म्हणजे घर ओळखीचं लागतं. (किडे सापडले असतील तर मात्र जुनं काहीच नको.) दांडी, अंड्यांची खोकी होती तिथंच. कोंबडीचं वास्तुशास्त्र आपल्यापेक्षा कडक आहे.

निघालेली शीट ताजी ताजी झाडाला घातली तर झाड करपतं. तीन-चार महिने खड्ड्यात कुजू द्यावी, मग हळदीला घालावी. वासाबद्दल तक्रार करणारे शेजारी तेव्हा पाटी घेऊन येतात.

तिन्हीसांजेला एखादी दारातच अडून बसते. ओढाताण करू नये. पुरता अंधार पडला की तिला दिसेनासं होतं. दोन्ही तळव्यांनी पंख अंगाशी दाबून अलगद उचलून दांडीवर ठेवावी. दुसऱ्या दिवशी एखाद-दोन अंडी कमी पडली तर खाद्यवाल्याशी भांडायला जाऊ नये. चार दिवसांनीही आकडा वर आला नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं.