घरात लेझर प्रिंटर आणणाऱ्या गृहस्थांस मार्गदर्शन

आपण लेझर प्रिंटर विकत घेतलात, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. मामलेदार कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात चार रुपयांत होणारे काम काही हजारांत घरच्या घरी करून घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याला काटकसरीच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा थेट मुद्द्यावर येऊ. खोक्यावर वायफायचे चिन्ह आहे म्हणून आपण तारेवाल्या प्रिंटरपेक्षा जास्त पैसे मोजलेत, त्यामुळे यंत्र बिनतारी चालले पाहिजे ही आपली अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी यंत्राच्या गरजा अगदी माफक असतात. त्याला ऐकू येईल अशी लहर, न चुकता टाकलेला पासवर्ड आणि ऊठसूट न बदलणारा पत्ता एवढे मिळाले, की ते तक्रार करत नाही. एवढ्या तीन गोष्टी वगळून बाकी सर्व काही त्याला कसे पुरवता येते, हे पुढे सांगितले आहे.

आधी जागेचे पाहू. राऊटर इंटरनेटवाल्याने जिथे बसवला तिथेच तो राहणार, म्हणजे वसरीत, घराच्या पुढच्या पडवीत, टीव्हीच्या मागे, कारण त्या दिवशी त्याच्याकडची तार तिथवरच पोचली होती. प्रिंटर मात्र माजघर ओलांडून मागच्या खोलीत ठेवावा. आपले घर आजोबांच्या वेळचे असेल तर उत्तमच, कारण मग मधल्या भिंती चिऱ्याच्या आणि हातभर जाड असतात. चिरा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून जाताना रेडिओलहरींची दमछाक होते. यावर समाधान न मानता प्रिंटरकडे जाणारी वाट स्वयंपाकघरातून काढावी आणि तिच्यात फ्रिज आडवा येईल असे पाहावे. शेजारी मायक्रोवेव्ह ओव्हन असल्यास दुधात साखर, कारण तोही राऊटरप्रमाणेच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. रात्रीचे हुमण, म्हणजे माशांची आमटी, गरम होत असताना छपाई थांबली, तर दोष प्रिंटरच्या कंपनीला द्यावा; हुमणाला नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

आता लहरींची निवड. हल्लीचे राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. घरगुती किमतीच्या बऱ्याच लेझर प्रिंटरांना यांपैकी पहिलाच पट्टा ऐकू येतो, आणि हे मॅन्युअलमध्ये तसेच बहुधा खोक्याच्या एका बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते. म्हणून खोके त्याच दिवशी भंगारवाल्याला द्यावे. वायफायचे पहिले मानक १९९७ साली आले ते २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घेऊनच. इतकी जुनी गोष्ट घरात ठेवणे प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ठरवून राऊटरमधून तो पट्टा बंदच करून टाकावा. दुसऱ्या पट्ट्याचा वेग जास्त असतो हे खरे. तो भिंतींपुढे लवकर हात टेकतो हेही खरे, पण पाहुण्यांना सांगायला वेगच बरा पडतो. साध्या मजकुराचे एक पान ही इतकी छोटी फाईल असते की ती बैलगाडीच्या वेगानेही वेळेत पोचेल, हा विचार मनात आल्यास तो झटकून टाकावा. प्रिंटरच्या पडद्यावरील यादीत शेजाऱ्यांचे, समोरच्या बारचे आणि वरच्या भाडेकरूचे नेटवर्क दिसते आणि आपलेच तेवढे दिसत नाही, अशी स्थिती आली म्हणजे आपण योग्य मार्गावर आहात.

सुरक्षेच्या बाबतीतही हयगय नको. राऊटरवर निव्वळ डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षापद्धत ठेवावी. आपल्या प्रिंटरला त्याच्या आधीचे डब्ल्यूपीए२ एवढेच कळत असेल, तर ती त्याची शैक्षणिक अडचण आहे.

एवढे करूनही आपले नेटवर्क यादीत दिसलेच, तर पासवर्ड टाकण्याचा प्रसंग येतो, आणि या प्रसंगाची घाई कोणी करू नये. स्वस्त प्रिंटरला कळफलक नसतो. दोन ओळींचा हिरवट पडदा, वर-खाली जाणारे दोन बाण आणि ओकेचे एक बटण, एवढ्या भांडवलावर आपल्याला कुलदेवतेचे नाव लिहायचे असते, कारण आपल्याकडे वायफायचा पासवर्ड म्हणजे कुलदेवता, मग ॲटचे चिन्ह आणि शेवटी थोरल्याचे जन्मवर्ष, हे ठरलेले आहे. शांतादुर्गा हे नाव रोमन लिपीत अकरा अक्षरांचे होते. त्यातल्या टी या अक्षरासाठी एपासून निघून वरचा बाण १९ वेळा दाबावा लागतो. विसाव्यांदा दाबला की यू येतो आणि मग खालचा बाण शोधावा लागतो. पहिले अक्षर मोठे हवे असेल, तर मोठी अक्षरे बहुधा छोटी अक्षरे, अंक आणि उद्गारचिन्हांसह सगळी चिन्हे संपल्यावर येतात, किंवा त्याच्या आधी, ते कंपनीच्या मर्जीवर असते. मागचे अक्षर खोडण्याचे बटण आणि सगळेच रद्द करण्याचे बटण पुष्कळदा एकच असते, फक्त किती वेळ दाबले यावर फळ बदलते. टाकलेली अक्षरे ताऱ्यांच्या मागे लपवण्याची दक्षता काही कंपन्या घेतात, जेणेकरून माजघरात आपल्या मागे उभ्या असलेल्या आईला ती दिसू नयेत, जिने हा पासवर्ड मुळात ठरवला होता. जन्मवर्षाच्या शेवटच्या आकड्यापर्यंत पोचल्यावर जरा उसंत घ्यावी, चहा मागवावा. काही वेळ कळ दाबली नाही की यंत्र झोपी जाते, आणि जागे झाल्यावर अनेकदा पुन्हा पहिल्या अक्षरापासून विचारू लागते.

यापेक्षा सोपा मार्ग कोणी सुचवला तर तो डब्ल्यूपीएस बटणाचा असतो. राऊटरवरचे ते बटण दाबायचे, मग दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचे दाबायचे, पासवर्डची गरज नाही. या दोन मिनिटांचा उपयोग वसरीतून मागच्या खोलीत जाताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला आपण काय करत आहोत ते समजावून सांगण्यासाठी करावा. कित्येक राऊटरांत हेच बटण रीसेटचेही काम करते, थोडे दाबले तर जोडणी आणि बराच वेळ दाबून धरले तर राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा. आपल्याकडे कोणतेही काम मनापासून करण्याची रीत असल्याने बटण चांगले दाबून धरावे. मग प्रिंटरचा प्रश्नच उरत नाही, कारण घरात कोणाचेच इंटरनेट चालत नाही. जोडणीचे यूझरनेम फक्त इंटरनेटवाल्यालाच ठाऊक असते, आणि त्याला गणपतीच्या चवथीच्या आधी फोन केला तर तो चवथीनंतर येतो, चवथीनंतर केला तर गावची जत्रा झाल्यावर.

मधल्या काळात जाणकारांचा सल्ला घ्यावा. प्रत्येक घराला बेंगळुरूत नोकरी करणारा एक भाचा असतो. तो तिथे नेमके काय करतो हे कोणी विचारलेले नसते. कॉम्प्युटरशी संबंध आहे एवढे पुरते. त्याला व्हिडिओ कॉल लावून फोनचा कॅमेरा प्रिंटरच्या पाठीमागच्या बाजूकडे धरावा. "मामा, आधी राऊटर बंद करून चालू कर," असे तो म्हणेल. आपण तसे केल्याबरोबर व्हिडिओ कॉल बंद पडतो आणि त्याला आपल्या मीटिंगला जाता येते.

प्रिंटर स्वतःचेही एक छोटे नेटवर्क प्रसारित करतो, ज्याचे नाव बहुधा डायरेक्ट या शब्दाने सुरू होते आणि ज्यातून फोनवरून राऊटरशिवाय छापता येते. सोय उपयोगी आहे, म्हणूनच तिचा अर्थ कोणाला सांगू नये. घरातल्या कोणीतरी फोन त्या नेटवर्कला जोडला, की प्रिंटरशी त्याची गाठ पडते आणि त्या जोडणीतून इंटरनेट मिळत नाही. मग नव्या यंत्राने घरातले इंटरनेट खाल्ले, अशी बातमी माडीवरून खाली यायला वेळ लागत नाही. माडीवरच्या खोल्या आपण पर्यटकांना देत असाल, तर त्यांच्यासाठी राऊटरमध्ये वेगळे गेस्ट नेटवर्क असेलच. प्रिंटरही घरात नवाच, म्हणून त्यालाही तिथेच उतरवावे. गेस्ट नेटवर्कवरच्या यंत्रांना बाहेरचे इंटरनेट मिळते, पण सहसा घरातल्या बाकीच्या यंत्रांशी बोलता येत नाही; पाहुण्याने यजमानाच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावू नये म्हणूनच ती व्यवस्था असते. अशा रीतीने प्रिंटरवरचा दिवा हिरवा, लॅपटॉपवरची खूण हिरवी, आणि दोघांमध्ये अवाक्षर नाही, हे दृश्य पाहता येते. ऑफिसचा लॅपटॉप व्हीपीएनवर, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या बंदिस्त वाटेवर, ठेवूनही साधारण हाच परिणाम साधतो.

पत्त्याचे प्रकरण मात्र सविस्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण इतके सगळे टाळूनही प्रिंटर एखादे दिवशी जोडला जातो आणि पाने छापू लागतो, आणि तेव्हा गाफील राहून चालत नाही. राऊटर प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला गाठण्याचा क्रमांक, मुदतीने देतो. मुदत संपली किंवा राऊटर पुन्हा सुरू झाला, तर तोच पत्ता परत मिळेल याची खात्री नसते. आपला लॅपटॉप मात्र पहिल्या दिवशीचा पत्ता उराशी धरून बसलेला असू शकतो. तिथे कोणी सापडले नाही, की तो प्रिंटर ऑफलाईन असल्याचे जाहीर करतो, जरी प्रिंटर त्याच्या शेजारी दिवा लावून बसलेला असला तरी. प्रिंटरची अवस्था ही भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या, पण गोव्यातल्या १९७५ च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण न मिळालेल्या मुंडकारासारखी असते. आज या माडाखाली, उद्या त्या. राऊटरच्या पानावर जाऊन त्या यंत्राच्या नावे एक पत्ता कायमचा राखून ठेवण्याची सोय बहुतेक राऊटरांत असते आणि कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. मुंडकाराला घर नावावर करून घ्यायला किती वर्षे लागली, हे ज्याने पाहिले आहे, त्याला इतक्या चटकन होणाऱ्या गोष्टीचा संशय येणे स्वाभाविक आहे. तो संशय जपावा आणि पत्ता मोकळाच सोडावा.

मग वीज जाण्याची वाट पाहावी. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ती जातेच. परत येते तेव्हा प्रिंटर आणि राऊटर एकदमच जागे होतात, परंतु राऊटरला सावरायला मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि प्रिंटर तोवर पत्ता मागून मोकळा होतो. कोणी उत्तर देत नाही असे पाहून यंत्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसू शकते. हे आकडे दिसले, की पत्ता राऊटरने दिलेला नाही हे कोणालाही ओळखता येते, आणि प्रिंटर पुन्हा बंद करून चालू केला तर प्रश्न तिथेच मिटतो. म्हणून आकड्यांकडे पाहू नये. त्याऐवजी लॅपटॉपवरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारे सॉफ्टवेअर, काढून टाकून पुन्हा घालावा. दर वेळी यादीत त्याच प्रिंटरची आणखी एक प्रत जमा होते, कंसात कॉपी १, कॉपी २ असे लिहिलेली. यांपैकी जी चालत नाही तिलाच डिफॉल्ट करावे.

हे चालू असताना छापण्याचा हुकूम पुनःपुन्हा द्यावा, आणि माऊसचे बटण दर वेळी थोडे अधिक जोराने दाबावे. न छापलेले हुकूम कॉम्प्युटरच्या रांगेत साचून राहतात आणि लॅपटॉप बंद करून सुरू केला तरी पुष्कळदा टिकतात. पुढे एखाद्या रात्री लहर सापडते, पत्ता जुळतो, आणि जमिनीचा वन-फोर्टीनचा उतारा घरातल्या माणसांपेक्षा जास्त प्रतींत बाहेर पडू लागतो. जुलै महिना असेल तर त्यातला तिसरा-चौथा कागद आत अडकतो. फ्यूजर टोनरची भुकटी कागदावर वितळवण्यासाठी सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापतो, आणि उघड्या गठ्ठ्यात पंधरा दिवस गोव्याची हवा खाल्लेला कागद त्या उष्णतेत वाफ सोडून वाकतो. याचाही ठपका वायफायवर ठेवण्यास हरकत नाही. वीज गेलेली असताना हाच प्रयोग घरच्या इन्व्हर्टरवर करू नये, एवढे मात्र गंभीरपणे सांगतो. फ्यूजर तापताना एकदम ओढला जाणारा प्रवाह लहान इन्व्हर्टरला झेपत नाही आणि माजघरातला पंखाही जातो.

समजा, तरीही यश आले. पत्ता टिकला, लॅपटॉपने प्रिंटरला ओळखले, फोनवरून पाठवलेले पान मागच्या खोलीत आपोआप बाहेर आले आणि सासूबाईंनी ते हातात घेऊन अजून गरम असल्याचे सर्वांना सांगितले. अशा वेळी राऊटरला जोडलेल्या यंत्रांची यादी सहज उघडून पाहावी. तिच्यात ओळखीचे नसलेले दोन-तीन फोन आढळतील, बहुधा समोरच्या बारमधले. त्याच संध्याकाळी वायफायचा पासवर्ड बदलावा आणि तो अधिक भक्कम करण्यासाठी कुलदेवतेच्या जोडीला ग्रामदेवतेचेही नाव घालावे. नवा पासवर्ड घरातल्या सर्व फोनांत, टीव्हीत आणि माडीवरच्या पाहुण्यांच्या खोलीतील फलकावर लिहून घ्यावा. प्रिंटरला कळवण्याची घाई नाही. धाकटीचे हॉल तिकीट छापायचे असेल त्याच्या आदल्या रात्री, साधारण साडेअकराच्या सुमारास, त्याला ते सावकाश सांगता येईल.